कौतिकभाऊंच्या तेरा फ्लॉप्या

कौतिक नारखेडे यांनी पहूरच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं कंपाउंडरकी केली आणि निवृत्त झाल्यावर जळगावला, मेहरूणमध्ये दोन खोल्या बांधून ते बायकोसह राहायला आले. लोकांना वाटलं, आता हा माणूस तलावाकाठी फिरेल, पेपर वाचेल, झोपाळ्यावर बसेल. पण बडोद्याला नोकरीला असलेला त्यांचा मुलगा रतिलाल एका दिवाळीत घरी आला तो एक काळा, जड, पेटीसारखा उघडणारा लॅपटॉप घेऊन. कंपनीनं जुने काढून नवे घेतले होते, त्यातला एक त्यानं बापासाठी मागून आणला होता. कौतिकभाऊंनी दोन बोटांनी टाइप करायला शिकायला सहा महिने घेतले. पण एकदा शिकल्यावर त्यांनी त्या यंत्राला असं काही जपलं की बेबाबाई म्हणायच्या, "पोटच्या पोरालेबी इतकं पुसलं नसीन यायनं."

सत्त्याण्णव साली समाजाच्या मंडळानं वधू-वर परिचय मेळावा घ्यायचं ठरवलं. मंडळाचे अध्यक्ष सुपडू नाना. त्यांच्याकडे लग्नाळू मुलामुलींची माहिती लिहिलेल्या जाडजूड वह्या होत्या. तालुक्यागणिक एक वही, आणि सगळ्या नानांच्या वळणदार अक्षरात. कौतिकभाऊंनी बैठकीत उभं राहून सांगितलं की वह्यांचे दिवस गेले, सगळी माहिती यंत्रात भरली तर पाहिजे तशी यादी घटकाभरात निघेल. नाना म्हणाले, "भर बापा. माझ्या वह्या कुठं पळून नाही चालल्या." जानेवारीभर खपून कौतिकभाऊंनी सहाशे चाळीस नावं भरली. चाळीस-एक कळा दाबल्या की बी.एस्सी. झालेल्या, रावेर तालुक्यातल्या, अमुक उंचीच्या मुली पडद्यावर रांगेनं उभ्या राहायच्या. नानांनी हे एकदा पाहिलं आणि ते काही बोलले नाहीत. कौतिकभाऊंनी त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला.

फेब्रुवारीत त्यांना दुर्बुद्धी सुचली.

यादीचं पुस्तक छापणारे बन्सीलाल शेठ यांच्या छापखान्यात नवा कॉम्प्युटर आला होता आणि त्यात नवी विंडोज होती. खाली कोपऱ्यात 'स्टार्ट' असं लिहिलेलं बटण, ते दाबलं की सगळा संसार शिडीसारखा वर उलगडायचा. कौतिकभाऊंना आपली जुनी विंडोज एकदम गरीब वाटायला लागली. त्यांनी बडोद्याला फोन लावून विचारलं. रतिलाल म्हणाला, "आबा, त्या लॅपटॉपची तेवढी ताकद नाही. आहे ते चांगलं चाललंय, हात लावू नका." कौतिकभाऊ म्हणाले, "नाही लावत." आणि दोन दिवसांनी, बेबाबाई भाचीच्या हळदीला रावेरला गेल्या असताना, बन्सीलाल शेठकडून तेरा फ्लॉप्यांचा गठ्ठा घेऊन आले. सकाळी दहाला पहिली घातली, दुपारी अडीचला तेरावी निघाली. निळ्या आभाळाचं चित्र पडद्यावर आलं तेव्हा त्यांना कोणाला तरी बोलावून दाखवावंसं वाटलं, पण दाखवायची सोय नव्हती.

त्या दिवसापासून यंत्र आजारी पडलं.

सकाळी बटण दाबायचं, आंघोळ उरकायची, देवाला फूल वाहायचं, तरी पडद्यावर वाळूचं घड्याळ तसंच. आतली डिस्क सतत कुरकुरायची, जात्यात खडा आल्यासारखी. 'पाटील' एवढं टाइप करून कौतिकभाऊ चष्मा पुसायला घ्यायचे, मग एकेक अक्षर उमटायला लागायचं. यादी काढायला जिथं घटका लागायची तिथं पाऊण तास जाऊ लागला. पहिले काही दिवस त्यांनी उन्हाला दोष दिला आणि यंत्रासमोर टेबलफॅन लावला. मग विषाणूचा संशय आला, म्हणून एका मासिकाबरोबर आलेल्या फ्लॉपीतून विषाणू पकडणारा पहारेकरी आत बसवला. त्यानं फरक पडेना, म्हणून दुसऱ्या कोणाकडून दुसरा आणून तोही बसवला. यंत्र आणखी जड झालं.

"मी काय म्हन्ते," एक दिवस बेबाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "हे यंत्र आजारी पडलं, का तुम्ही पाडलं?"

"जुनं हाये ते. वय झालं त्याचं."

"संक्रांतीले तर चांगलं होतं. दोन महिन्यात म्हातारं झालं?"

कौतिकभाऊंनी टेबलफॅन एक खटका वाढवला. इकडे मेळाव्याची तारीख ठरली होती, एप्रिलचा शेवटचा रविवार. पुस्तक पाडव्याच्या सुमारास छापायला जायचं होतं. बैठकीत सुपडू नानांनी हळूच विचारलं, "कौतिक, वह्या आणू का?" आणि चारजण हसले. जळगावात यंत्र कोणाला दाखवावं, तर दुसऱ्या दिवशी ती गोष्ट मंडळात पोहोचली असती. तेव्हा त्यांना धुळ्याची सुनंदा आठवली. सुनंदा देवरे ही रतिलालच्या बरोबरीनं धुळ्याच्या पॉलिटेक्निकला शिकलेली, वर्गातली एकटी मुलगी. आता तिनं धुळ्यात गल्ली नंबर चारमध्ये कॉम्प्युटरचा क्लास काढला होता आणि मशीनही दुरुस्त करायची. कौतिकभाऊंनी लॅपटॉप जुन्या सतरंजीत गुंडाळला, सकाळची धुळे गाडी पकडली आणि एरंडोल, पारोळा करत तीन तास तो मांडीवर घेऊन बसले. रस्त्यात खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरायचे.

सुनंदाच्या क्लासमध्ये सहा मशीनं होती आणि दाराशी बाजेवर तिच्या सासूबाई, भिकुबाई, शेवग्याच्या शेंगा सोलत बसलेल्या होत्या. रतिलालचे वडील म्हटल्यावर सुनंदानं त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि एक शाळेची वही उघडून पेन हातात घेतलं.

"सांगा काका. कधीपासून होतंय?"

"फेब्रुवारीपासून."

"त्याआधी काही बदललं होतं का? काही नवीन टाकलं, काढलं?"

"काही नाही," कौतिकभाऊ म्हणाले. "आपोआपच मंदावलं."

"नवी विंडोज दिसते आहे."

"ती... बडोद्याहून तशीच आली. रतीनंच टाकून दिली. तिच्यावर वर्षभर पळत होतं."

सुनंदानं ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, "नुसतं मंद म्हणून चालत नाही, किती मंद ते मोजायला पाहिजे. तुमच्याकडे सेकंदकाट्याचं घड्याळ आहे ना?" होतंच. एकतीस वर्षं त्यावर लोकांची नाडी मोजली होती. तिनं यंत्र सुरू केलं आणि कौतिकभाऊंनी घड्याळ धरलं. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. सुनंदानं तेही लिहिलं.

"ह्याच विंडोजवर वर्षभर चांगलं पळत होतं आणि आपोआप बिघडलं, म्हणजे डिस्क खराब होत आली असणार," ती म्हणाली. "आधी तुमची यादी फ्लॉपीवर काढून घेऊ. मग डिस्क तपासू."

यादी काढताना तिला आत यादीच्या एक्केचाळीस प्रती सापडल्या. यादी एक, यादी दोन, यादी शेवटची, यादी शेवटची दोन, यादी अगदी शेवटची. कौतिकभाऊ म्हणाले, एखादी हरवली तर म्हणून ठेवल्या. सुनंदानं तारखेनं सगळ्यात नवी होती ती दोन फ्लॉप्यांवर काढली, एक त्यांच्या हातात दिली, एक स्वतःच्या खणात ठेवली. मग डिस्कची तपासणी लावली. यंत्र डिस्कचा कण न् कण वाचत होतं. दोन तास गेले. जेवणवेळ झाली म्हणून भिकुबाईंनी कळण्याची भाकर आणि ठेचा पुढं ठेवला. तपासणी संपली तेव्हा डिस्क ठणठणीत निघाली. मग सुनंदानं विषाणू तपासला, आणखी पाऊण तास. तोही नाही.

ती कपाळाला हात लावून बसली. "काही कळत नाही, काका. आता मेमरी किती आहे तेवढं बघते."

तिनं यंत्राची माहिती सांगणारी चौकट उघडली. वर विंडोजचं नाव, खाली मेमरीचा आकडा, आणि मधे एक छोटीशी ओळ. सुनंदानं ती वाचली, पुन्हा वाचली आणि पडदा कौतिकभाऊंकडे वळवला.

नवी विंडोज टाकताना यंत्रानं त्यांना नाव विचारलं होतं. सातव्या की आठव्या फ्लॉपीच्या सुमारास. कौतिकभाऊंना तो मान वाटला होता आणि त्यांनी दोन बोटांनी नीट, चूक न करता टाइप केलं होतं. ते आता इंग्रजीत त्यांच्यासमोर होतं: ही विंडोज श्री. के. टी. नारखेडे, कंपाउंडर (निवृत्त), पहूर यांच्या नावे.

कौतिकभाऊंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दवाखान्याच्या खिडकीत बसून त्यांनी किती जणांना झापलं होतं. काही खाल्लं नाही म्हणणाऱ्याच्या शर्टावर लोणच्याचा डाग दाखवला होता. रोग लपवशील तर औषध पाण्यात जाईल, असं रोज कोणाला ना कोणाला सांगितलं होतं. आणि आज एका पोरीचे तीन तास पाण्यात घालून ते स्वतः भाकर खाऊन बसले होते.

दाराशी भिकुबाईंनी शेंग खाली ठेवली. "बठ्ठं सांगी द्या, भाऊ," त्या म्हणाल्या. "लपाडीसन काय फायदा शे?"

"सांगतो," कौतिकभाऊ म्हणाले, आणि सगळं सांगितलं. छापखाना, स्टार्टचं बटण, मुलानं नाही म्हटलेलं, तेरा फ्लॉप्या, भाचीची हळद. मग दोन पहारेकरी. टेबलफॅनसुद्धा सांगितला. सुनंदा लिहीत होती. टेबलफॅनला तिचं पेन थांबलं आणि तिला हसू आवरेना. तिचं हसणं ऐकून भिकुबाई हसल्या, आणि शेवटी कौतिकभाऊंनाही हसावंच लागलं.

"माफ कर, बेटा. सकाळीच सांगायला पाहिजे होतं."

"आता झालं ना. आता हे अर्ध्या दिवसाचं काम आहे," सुनंदा म्हणाली. तिनं वहीतलं सकाळचं पान उलटलं. "बघा, तुमच्या मशीनची मेमरी आहे चार एमबी. जुनी विंडोज चारात सुखानं नांदत होती. हिला आठ तरी पाहिजे. मग काय होतं, मेमरीत मावत नाही ते ती डिस्कवर नेऊन ठेवते, लागलं की परत आणते. दिवसभर नेआण. ती कुरकुर ऐकू येते ती त्याचीच. त्यात तुमच्या एक्केचाळीस याद्यांनी डिस्क भरलेली, म्हणजे ठेवायला जागाही नाही."

"घर लहान आणि पाहुणे फार," कौतिकभाऊ म्हणाले.

"आणि दाराशी दोन पहारेकरी. प्रत्येक पाहुण्याची झडती दोघं घेतात."

मेमरी धुळ्यात मिळण्यासारखी नव्हती. ह्या कंपनीच्या लॅपटॉपला तिचीच खास मेमरीची पट्टी लागायची. पण बाकीचं हातात होतं. सुनंदाची एकच अट होती: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक वेळी घड्याळ लावायचं, म्हणजे कशानं गुण आला ते कळेल. कौतिकभाऊंना ते फार पटलं. चार औषधं एकदम देणारे डॉक्टर त्यांनाही आवडत नसत.

एक पहारेकरी काढला. नऊ मिनिटं. दुसरा दारावरून उठवला, त्याला आठवड्यातून एकदा हाक मारली तरी पुरे, असं ठरलं. साडेसात. मग सुनंदा पुन्हा त्या माहितीच्या चौकटीत गेली आणि तिथं एक सूचना दिसली: डिस्क अजून डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, जुन्या पद्धतीनं चालते आहे. यंत्र सुरू होताना जी फाईल वाचतं ती तिनं उघडली. पहारेकरी गेले होते, पण त्यातल्या एकाची एक ओळ तिथं मागं राहिली होती, आणि तिच्यामुळे नवी विंडोज डिस्कशी सरळ बोलूच शकत नव्हती. सुनंदानं ओळ पुसली नाही. तिच्यापुढं फक्त 'रेम' असं लिहिलं.

"म्हणजे काय?" कौतिकभाऊंनी विचारलं.

"म्हणजे ही ओळ वाचू नकोस, असं मशीनला सांगितलं. चुकलं तर रेम काढायचं, जसंच्या तसं होतं. पुसल्यावर ते जमत नाही."

पुन्हा सुरू केलं. कौतिकभाऊंनी घड्याळाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि घड्याळ कानाला लावून पाहिलं. पाच मिनिटांच्या आत निळं आभाळ आलं होतं. सुनंदानं त्यांना खुर्ची दिली. त्यांनी 'पाटील' टाइप केलं. अक्षरं बोटांबरोबर उमटली.

मग चाळीस याद्या गेल्या. प्रत्येक पुसताना सुनंदा नाव वाचायची आणि कौतिकभाऊ मान हलवायचे. 'अगदी शेवटची' पुसताना ते जरा थांबले. नंतर डिस्कवर विखुरलेलं सामान ओळीनं लावायचं काम यंत्रावर सोपवलं. पडद्यावर छोटे छोटे रंगीत चौकोन एका जागेवरून उठून दुसरीकडे बसायला लागले. भिकुबाई पाटी बाजूला ठेवून ते बघायला आल्या.

"हाई काय करी ऱ्हायनं?"

"घर आवरतंय, आक्का," कौतिकभाऊ म्हणाले.

"मंग बरं शे," भिकुबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. दोघं तासभर चौकोन बघत होते. मधे एक चौकोन बराच वेळ कुठं बसेना, तर भिकुबाईंना त्याची काळजी लागली.

चार वाजता शेवटचं मोजमाप झालं: तीन मिनिटं पन्नास सेकंद. सुनंदानं वहीचं ते पान फाडून त्यांना दिलं. "उरलं ते मेमरीचं. रतिलालला सांगा, बडोद्याला ह्याच जातीचे मोडीत निघालेले लॅपटॉप असतील, त्यातली पट्टी चालेल."

म्हणजे रतीला सांगणं आलं. बसस्टँडच्या एसटीडी बूथमध्ये कौतिकभाऊ जरा वेळ फोनकडे बघत उभे राहिले, मग नंबर फिरवला.

"रती, मी धुळ्याहून बोलतोय. सुनंदाकडे आलो होतो. तू नाही म्हणाला होतास ना, तरी मी ती नवी विंडोज टाकली."

"माहीत आहे मला, आबा."

"कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. मागच्या पंधरवड्यात फोनवर म्हणालात, स्टार्ट दाबलं की चहा करून होतो. जुन्या विंडोजमध्ये स्टार्ट कुठं होतं?"

तिकडून रतिलाल हसत होता. "मी वाटच पाहत होतो, कधी सांगता म्हणून. पट्टी पाठवतो येणाऱ्याबरोबर. आणि आबा, तेरा फ्लॉप्या तुम्ही एकट्यानं चढवल्या? आमच्या हापिसात दोघांनी मिळून केलं, तरी सातवीला अडकले होते."

ते ऐकून परतीच्या गाडीत यंत्र मांडीवर हलकं लागलं म्हणतात ते काही खरं नाही, तेवढंच जड होतं. पण कौतिकभाऊ पारोळ्यापर्यंत गालातल्या गालात हसत होते. घरी गेल्यावर त्यांनी बेबाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या तेरा फ्लॉप्या मी रावेरहून आले तवाच पलंगाखाली पाहिल्या. म्हटलं, सांगतीन कधी तरी."

दोन दिवसांनी मंडळाची बैठक होती. कौतिकभाऊंनी उभं राहून, पुस्तकाला उशीर का झाला ते सरळ सांगितलं. यंत्राचा दोष नाही, माझा आहे. यादी शाबूत आहे, आठवड्यात छापखान्यात जाईल. सगळे सुपडू नानांकडे पाहायला लागले. नानांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा घातली.

"तू सांगितलं म्हणून मी सांगतो," ते म्हणाले. "माझ्या यावलच्या वहीवर फेब्रुवारीत चहा सांडला. मधली चार पानं एकमेकांना चिकटली. सोडवायला गेलो तर फाटली. बावीस पोरंपोरी गेल्या त्यात. दोन महिने झाले, मी कोणाला बोललो नाही."

मग कौतिकभाऊंनी सोबत आणलेल्या यंत्राचं झाकण उघडलं, बटण दाबलं. तीन मिनिटं पन्नास सेकंद सगळे वाळूच्या घड्याळाकडे बघत बसले. यावलची यादी पडद्यावर आली. नानांनी चष्मा लावून एकेक नाव वाचलं आणि फाटक्या पानांतली नावं बोटांवर मोजली. बावीसच्या बावीस होती. जानेवारीत, चहा सांडायच्या आधी, कौतिकभाऊंनी ती पानं उतरवून घेतली होती. नाना उठून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले, आणि पुढचे पाच दिवस रोज दुपारी मेहरूणला येऊन नावं तपासून देत राहिले. त्यांच्या नजरेतून एकही चूक सुटली नाही. सतरा मुलांच्या जन्मतारखा त्यांनी तोंडपाठ दुरुस्त केल्या.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर ऊन भाजत होतं, आत वाळ्याचे कूलर घरघरत होते. बडोद्याची पट्टी आली होती, यंत्र आता दोन मिनिटांत जागं व्हायचं. स्टेजच्या बाजूला एका टेबलावर कौतिकभाऊ आणि नाना शेजारी शेजारी बसले होते. दुपारी बाराच्या सुमारास एक उंच मुलगी एकटीच टेबलाशी आली. हातात छापलेलं पुस्तक, त्यात बोट घातलेलं.

"काका, एकशे बारा नंबर मी आहे. प्रमिला वायकोळे, भुसावळ. माझ्या माहितीत एक चूक आहे."

कौतिकभाऊंनी पान पाहिलं. "बी.फार्म. लिहिलंय की."

"ते बरोबर आहे. पुढं लिहिलंय, स्वयंपाकाची आवड. ते मी लिहिलं नव्हतं. वडिलांनी भरलं. मला स्वयंपाक येतो, आवड नाही. स्टेजवरून वाचतील तेव्हा खरं ते वाचावं असं वाटतं."

कौतिकभाऊंनी नानांकडे पाहिलं. मंडळाच्या नियमात असं काही बसत नव्हतं. नानांनी मुलीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मग कशाची आवड आहे, माय?"

"मोटारसायकल चालवते. औषधांच्या दुकानाचा माल मीच पोचवते, वरणगावपर्यंत."

"लिही रे, कौतिक," नाना म्हणाले.

कौतिकभाऊंनी दुरुस्ती केली, छोट्या प्रिंटरनं किरकिर करत कागद बाहेर दिला, आणि सूत्रसंचालकानं तो जसाच्या तसा वाचला. मंडपात जरा कुजबूज झाली. मागच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली. चौकशीच्या चिठ्ठ्या टाकायला टेबलावर एक डबा ठेवला होता. तीन वाजता तो उघडला तेव्हा एकशे बारा नंबरच्या चौदा निघाल्या, आणि त्यातल्या दोन तर मुलांनी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या. प्रमिलाचे वडील डब्याशीच घुटमळत होते. कौतिकभाऊंनी चिठ्ठ्यांना रबर लावून गठ्ठा त्यांच्या हातात दिला, यंत्राचं झाकण मिटलं आणि वरण-बट्टी संपायच्या आत नानांना घेऊन पंगतीत जाऊन बसले.